कणांची धाव

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथपासून जवळच दुधाळा नावाचं गाव आहे. गेल्या काही वर्षांत या गावाचं नाव वर्तमानपत्रांत वारंवार येतं, कारण तिथे लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तिला तत्त्वतः मंजुरी दिली आणि ६ एप्रिल २०२३ रोजी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली. सुताराचा गुण्या असतो ना, तशा काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या तिथे असणार आहेत. त्यांच्या टोकांशी आरसे असतील आणि नळ्यांतून लेझरचा किरण ये-जा करील.

मागे औंढ्याच्या बाजारात एका ओळखीच्या तरुण शेतकऱ्याने मला विचारलं, "चाचा, तुम्ही लिहिता-वाचता. ते दुधाळ्याचं मशीन तयार काय करणार हो?" प्रश्न रास्त होता. साखर कारखाना साखर करतो, जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी होते. मग या एवढ्या पैशांतून बाहेर काय पडणार? मी म्हणालो, "ते काही तयार करणार नाही. ते ऐकणार आहे." फार दूर अंतराळात दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळतात, तेव्हा अवकाशालाच बारीक थरथर सुटते. तिला गुरुत्वीय लहर म्हणतात. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथे अशी दोन यंत्रं आहेत. त्यांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी ही थरथर पहिल्यांदा टिपली आणि त्या कामासाठी रायनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना २०१७ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

पण आज मला कृष्णविवरांबद्दल बोलायचं नाही. या यंत्राचं खरं भांडण फार जवळच्या गोष्टीशी आहे. हवेचे कण, पोलादाचे कण, काचेचे कण, पायाखालच्या खडकाचे कण. हे कण कधी थांबत नाहीत, आणि त्यांच्या हालचालीतून वाट काढत त्या यंत्राला ऐकायचं आहे. तेव्हा आपल्या जिल्ह्यात काय चाललं आहे हे समजून घ्यायचं, तर आधी या कणांची धाव समजून घ्यावी लागेल. शास्त्राच्या भाषेत हे अणू आणि रेणू. मी सोयीसाठी त्यांना कणच म्हणतो.

मी विज्ञानाचा प्राध्यापक नाही. शब्दांशी व्यवहार असलेला माणूस आहे. म्हणून शब्दांपासून सुरुवात करतो. शाळेत आपण पदार्थाच्या तीन अवस्था शिकलो: स्थायू, द्रव आणि वायू. द्रव या शब्दात द्रवणं आहे, वाहणं आहे. वायू या शब्दात वाहता वारा आहे. स्थायू मात्र स्थान, स्थिर, स्थावर यांच्या घराण्यातला शब्द. त्यामुळे होतं काय, की लहानपणीच आपल्या मनात एक समजूत बसते. दगड, लोखंड, लाकूड यांचे कण गप्प बसलेले असतात, पाण्याचे थोडे हलतात आणि हवेचे पळतात. ही समजूत खरी नाही. शब्दाचा दोष नाही; दगड आपल्याला जसा दिसला तसं आपण त्याचं नाव ठेवलं. पण दगडाच्या आत कोणीही बसलेलं नाही.

तापमान म्हणजे तरी काय? पदार्थाच्या आत कणांची जी धडपड चालू असते, तिचं ते माप आहे. हात लोखंडाला लागला आणि चटका बसला, म्हणजे लोखंडाचे जोरात थरथरणारे कण आपल्या कातडीच्या कणांवर आदळले. आता एक गंमत पाहा. शून्य अंशावरचा बर्फ आणि शून्य अंशावरचं पाणी शेजारी ठेवलं, तर दोन्हींचं तापमान एकच. म्हणजे दोन्हींतल्या कणांची धडपडही सरासरीने जवळजवळ सारखीच. मग फरक कशात आहे? फरक आहे तो मोकळीक किती, यात. बर्फातल्या कणाला शेजाऱ्यांनी धरून ठेवलं आहे. तो जागच्या जागी थरथरतो. पाण्यातल्या कणाची पकड सैल झाली आहे. तो शेजारी बदलत पुढे सरकतो. एक ग्रॅम बर्फ वितळवायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते, आणि ती सगळी ही पकड सैल करण्यात खर्च होते. म्हणून बर्फ पुरता वितळेपर्यंत तापमापीतला पारा शून्यावरून हलत नाही.

हे मला ईदच्या सकाळी ईदगाहवर नेहमी आठवतं. नमाजाला सफा लागतात. सफ म्हणजे रांग. खांद्याला खांदा लावून माणसं उभी असतात. आपली जागा कुणी सोडत नाही. पण उभा माणूस म्हणजे काही खांब नव्हे. श्वास चालू असतो, कुणी पायावरचा भार बदलतो, बापाच्या शेजारी उभं असलेलं पोर चुळबुळ करतं. ही झाली स्थायू अवस्था. नमाज आणि खुतबा आटोपला की गळाभेटी सुरू होतात. मैदान तेवढंच भरलेलं, पण आता प्रत्येकाचा शेजारी क्षणाक्षणाला बदलतो. माणूस गर्दीतून वाट काढत सरकतो. हा द्रव. मग लोक पांगतात. कुणी घराकडे, कुणी कब्रस्तानाकडे, कुणी मित्राच्या शिरखुर्म्याकडे. मैदान रिकामं होतं आणि माणसं सगळ्या गावभर होतात. हा वायू. अर्ध्या-पाऊण तासात तोच जमाव तीन अवस्थांतून जातो. माणसं तीच असतात, त्यांच्यातलं धरणं-सोडणं तेवढं बदलतं. उपमा इथेच थांबते. माणूस आपल्या इच्छेने चालतो. कणाला इच्छा नसते, त्याला फक्त धक्के असतात.

आता वायूपासून एकेक पाहू. खोलीतल्या हवेचे कण किती वेगाने पळत असतील? सरासरीने सेकंदाला सुमारे ५०० मीटर. बंदुकीच्या गोळीशी बरोबरी करील असा हा वेग आहे. मग खोलीच्या एका कोपऱ्यात अत्तराची कुपी उघडली, तर दुसऱ्या कोपऱ्यात बसलेल्या पाहुण्याला सुगंध तत्काळ यायला हवा. तो तसा येत नाही. हाच आक्षेप १८५८ साली बाईस बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञाने घेतला होता. जेवणघरात एका दाराने पदार्थ आणले, तर दुसऱ्या टोकाला वास पोचायला वेळ का लागतो, असं त्याने विचारलं. त्याला उत्तर दिलं जर्मन शास्त्रज्ञ क्लॉसियस यांनी. कण वेगाने पळतो हे खरं. पण त्याला सरळ पळू कोण देतो? हवेतला एक कण सेकंदाला काही अब्ज वेळा दुसऱ्या कणांवर आदळतो. दोन टकरींच्या मध्ये तो मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकंही अंतर कापत नाही. दर टकरीला दिशा बदलते. धाव प्रचंड, पण मजल थोडी. अत्तराचे कण हवेच्या कणांपेक्षा जड, म्हणून आणखी सावकाश. प्रत्यक्षात आपल्यापर्यंत सुगंध आणतात त्या बहुतेक वेळा खोलीतल्या वाऱ्याच्या झुळका. नुसत्या कणांच्या भरवशावर राहिलो, तर पाहुणा उठून जाईल.

याच टकरींना आपण दाब म्हणतो. सायकलच्या ट्यूबला आतून हवेचे कण सतत ठोसे देत असतात. ऊन तापलं की ठोसे जोरात बसतात. म्हणून आपल्याकडे मे महिन्यात पंक्चरवाला सांगतो, "हवा जरा कमीच भरतो."

द्रवाकडे वळू. १८२७ साली रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने परागकणांतून निघालेले अतिसूक्ष्म तुकडे पाण्यात टाकून सूक्ष्मदर्शकातून पाहिले. ते तुकडे सारखे वेडेवाकडे नाचत होते. परागात जीव असतो, म्हणून नाचत असतील, असं वाटणं साहजिक होतं. त्याने मग दगडाची, काचेची भुकटी टाकून पाहिली. तीही नाचली. हा नाच कशाचा, याचा हिशेब अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडला. पाण्याचे न दिसणारे कण चहूबाजूंनी धक्के देतात आणि त्या धक्क्यांत कधी या बाजूने, कधी त्या बाजूने थोडं जास्त बळ पडतं. फ्रान्सच्या जाँ पेरँ यांनी तो हिशेब प्रयोगांनी तपासला. त्यांना १९२६ चं नोबेल मिळालं. अणू खरोखर असतात की ती नुसती सोयीची कल्पना आहे, हा वाद त्या नाचाने मिटवला.

आपल्या घरातला माठ हेच रोज दाखवतो. पाण्यातले सगळे कण सारख्या वेगाने धावत नाहीत. जे फार वेगात असतात ते पकड तोडून पृष्ठभागावरून उडून जातात. मागे राहतात ते तुलनेने मंद. वेगवान निघून गेले की उरलेल्यांची सरासरी खाली येते, म्हणजेच पाणी गार होतं. माठाच्या अंगातून पाझरलेला ओलावा हे काम करत राहतो. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ छान गारवा देतो आणि कोकणातल्या दमट हवेत तितका देत नाही, याचंही कारण हेच. दमट हवेत आधीच पाण्याचे कण भरपूर असतात. जितके उडून जातात त्यांच्यातले बरेच परत येतात.

वसमतकडे हळद शिजवण्याच्या दिवसांत गेलात, तर हाच व्यवहार उलट्या दिशेने चाललेला दिसेल. पूर्वी मोठ्या कढईत पाणी उकळून हळद शिजवत. आता बहुतेक ठिकाणी बॉयलरची वाफ सोडतात. वाफेचे कण गार हळदीला भेटतात, धावणं आवरून पुन्हा पाण्यात जमा होतात, आणि पकड तोडताना घेतलेली सगळी उष्णता परत देऊन टाकतात. ती ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी असते. म्हणून उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका भयंकर. पुढे ही हळद उन्हात दहा-पंधरा दिवस वाळत घालतात. वरची ओल लवकर जाते. पण हळकुंडाच्या गाभ्यातला पाण्याचा कण बाहेर यायला फार चिवट असतो. हे हळकुंड जरा लक्षात ठेवा, दुधाळ्याला ते पुन्हा उपयोगी पडणार आहे.

आता स्थायू. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी असते तिला आपण काय म्हणतो? धाव. माझ्या लेखी मराठीतल्या फार सुंदर शब्दांपैकी हा एक आहे. गाडी धावते म्हणून ती धाव. पण तिच्या आतही धावच आहे. लोहार ती पट्टी चाकापेक्षा किंचित लहान ठेवतो. मग गोवऱ्यांच्या जाळात लाल करतो. तापलेल्या लोखंडाचे कण जोराने थरथरू लागतात, थरथरायला त्यांना थोडी जास्त जागा लागते, आणि सगळी पट्टी वाढते. वाढते म्हणजे किती? एक मीटर लोखंड ५०० अंशांनी तापलं, तर जेमतेम ६ मिलिमीटर. पण तेवढ्यात काम होतं. पट्टी चाकावर बसते, वर पाणी ओततात, कण पुन्हा जवळ येतात आणि धाव लाकडाला अशी आवळते की खिळ्याची गरज पडू नये. टायरच्या गाड्या आल्या आणि हे दृश्य दुर्मिळ झालं. पण ज्यांनी ते पाहिलं आहे त्यांना, स्थायूचे कण हलतात हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

स्थायूच्या कणांना मोकळीक नाही, पण म्हणून ते दुबळे ठरत नाहीत. उलट, एकमेकांना धरून असल्यामुळे निरोप पोचवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. आवाज म्हणजे एका कणाने शेजाऱ्याला दिलेला आणि पुढे जात राहिलेला धक्का. हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. कठीण खडकात हाच धक्का सेकंदाला ठोकळमानाने ५ ते ६ किलोमीटर जातो. कण आपली जागा सोडत नाही, निरोप मात्र गावोगाव पोचतो.

आणि इथे हा विषय आपल्या जिल्ह्यात केवळ पाठ्यपुस्तकाचा उरत नाही. औंढा, वसमत आणि कळमनुरी तालुक्यांतल्या काही गावांत बरीच वर्षं जमिनीतून आवाज येतात. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेचं नाव त्यात अनेकदा आलं. २१ मार्च २०२४ च्या सकाळी दहा-बारा मिनिटांच्या अंतराने ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले. १० जुलै २०२४ रोजी पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का आला. भांडी वाजली, माणसं घराबाहेर धावली. ज्यांना ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवते, त्यांच्या पोटात गोळा आला असेल, यात नवल नाही.

हा आवाज कसला? जमिनीखाली खडक ताणाखाली असतो. तो कुठेतरी तुटतो, सरकतो आणि धक्का सुटतो. हा धक्का दोन तऱ्हांनी प्रवास करतो. पहिल्या लहरीत कण पुढे-मागे ढकलले जातात, अगदी आवाजासारखे. ही लहर वेगवान. दुसरीत कण आडवे हलतात. ही तिच्या मागून येते. पहिली लहर जमिनीच्या पृष्ठभागाशी पोचली की हवेला धक्का देते आणि आपल्याला गडगड ऐकू येते. कधी हादरा जाणवण्याआधी, कधी हादरा न जाणवताच. म्हणजे तो आवाज कुणाच्या कोपाचा नाही. स्थायूच्या कणांनी हातोहात आणलेला तो निरोप आहे.

या दोन लहरींचं एक वैशिष्ट्य आहे. पुढे-मागे ढकलणारी लहर स्थायूतून जाते, द्रवातूनही जाते. आडवी हलवणारी लहर द्रवातून जाऊ शकत नाही, कारण द्रवाच्या कणांनी एकमेकांना तितकं घट्ट धरलेलंच नसतं. आपल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत काम केलेले रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसामच्या भूकंपाचा अभ्यास करताना या लहरी वेगळ्या ओळखल्या आणि १९०६ मध्ये पृथ्वीला वेगळा गाभा आहे, हे दाखवलं. पुढे याच आडव्या लहरींच्या अडण्यावरून त्या गाभ्याचा बाहेरचा भाग वितळलेला आहे, हे उमगलं. पृथ्वीच्या पोटात कुणी उतरलं नाही. कण कुणाला धरतात आणि कुणाला सोडतात, एवढ्यावरून तिथला ठाव लागला.

"हे आवाज त्या दुधाळ्याच्या मशीनमुळे तर नाहीत ना?" असाही प्रश्न कानावर येतो. त्याचं उत्तर स्पष्ट द्यायला हवं. नाही. हे आवाज तिथलं बांधकाम सुरू होण्याच्या आधीपासूनचे आहेत. शिवाय ते यंत्र जमिनीला धक्का देणारं नाही. उलट जमिनीचा धक्का आपल्याला लागू नये म्हणून त्याची सारी धडपड. अफवेने रात्रीची झोप जाते, घर मात्र मजबूत होत नाही. घराच्या बाबतीत किल्लारीने एक धडा दिला आहे. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंतीत प्रत्येक दगड घट्ट असतो. पण दगडाने दगडाला धरलेलं नसतं. हादरा बसला की ती भिंत भिंत राहत नाही, ढिगासारखी वाहू लागते. तिथे हजारो माणसं अशा भिंतींखाली गेली. म्हणून आपल्या गावांत पत्रा उडू नये यासाठी वर दगड ठेवले असतील, तर ते काढा आणि पत्रा हुकाने किंवा बोल्टने आवळून घ्या. नवं घर बांधताना भिंतींना बांधून ठेवणारा पट्टा घाला. धरून ठेवणं किती महत्त्वाचं आहे, हे कणांकडून शिकायचं ते यासाठी.

आता दुधाळ्याच्या नळ्यांकडे जाऊ. त्या यंत्राला जी थरथर टिपायची आहे, तिच्यामुळे चार किलोमीटरवरच्या आरशाचं अंतर प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतकं बदलतं. प्रोटॉन म्हणजे अणूच्या पोटातला अणुकेंद्राचा घटक; त्याच्याही दहा हजाराव्या भागाचा हा हिशेब. उन्हाळ्यात डांबरी सडकेवर पाहा, पलीकडचं झाड थरथरताना दिसतं. मधली हवा तापून हलते आणि प्रकाश वाकडातिकडा होतो. नळीत हवा राहिली, तर लेझरच्या किरणाचं तसंच होईल. शिवाय हवेचे कण आरशावर आदळतील आणि ब्राऊनच्या भुकटीसारखा आरसाही नाचेल. म्हणून हवा काढायची.

अमेरिकेतल्या वेधशाळेत नळ्यांतली सुमारे १०,००० घनमीटर हवा काढायला ४० दिवस लागले. त्यातले ३० दिवस पोलादी नळ्या १५० ते १७० अंशांपर्यंत तापवून ठेवल्या होत्या. कशासाठी? आपलं हळकुंड आठवा. पोलादाच्या आतल्या अंगाला पाण्याचे आणि इतर वायूंचे कण चिकटून बसतात आणि दिवसेंदिवस एकेक करून सुटत राहतात. त्यांना तापवून, हलवून बाहेर काढावं लागतं. एवढं करून आत दाब किती उरतो? बाहेरच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या भागाइतका. आणि तरीही, श्रोतेहो, त्या पोकळीच्या दर घनसेंटिमीटरमध्ये, म्हणजे साखरेच्या एका मोठ्या खड्याएवढ्या जागेत, सुमारे अडीच कोटी कण शिल्लक असतात! मात्र आता त्यांची गाठभेट होत नाही. बाहेरच्या हवेत पावलापावलाला आपटणारा कण आत दुसऱ्या कणाला भेटायचा, तर त्याला साठ-सत्तर किलोमीटर सरळ जावं लागेल. हिंगोलीहून परभणीपर्यंत सरळ रेघ ओढली, तर तेवढंच अंतर भरतं. नळीची भिंत त्याआधीच आडवी येते.

आपल्या देशात या कामात पुण्याचं आयुका, इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था सहभागी आहेत. प्लाझ्मा ही पदार्थाची चौथी अवस्था. कण इतके तापतात की टकरींत इलेक्ट्रॉन सुटून पडतात. शेतावर कोसळणाऱ्या विजेची रेघ म्हणजे क्षणभराचा प्लाझ्माच. हा पदार्थ बंद भांड्यात हाताळायचा, तर पोकळी करण्यात हात बसलेला लागतो. म्हणून नळ्यांतल्या पोकळीचं काम गांधीनगरच्या संस्थेकडे आहे.

हवा गेली, तरी आरसा उरतो. अमेरिकेतल्या यंत्रांत तो ४० किलो वजनाचा, अतिशुद्ध काचेचा आहे. केसासारख्या बारीक काचतंतूंनी तो लोलकाप्रमाणे टांगलेला असतो. जमिनीची थरथर त्याच्यापर्यंत पोचू नये, म्हणून लोलकाखाली लोलक अशी उतरंड केलेली असते. मोटारी, वारा आणि शेकडो किलोमीटरवरच्या समुद्राच्या लाटासुद्धा जमिनीला सतत हलवत असतात; तेवढं सगळं गाळावं लागतं. पण आरशाच्या स्वतःच्या कणांचं काय? ते तर थरथरणारच. एकेका कणाची थरथर मोजायच्या अंतरापेक्षा कोट्यवधी पटींनी मोठी असते. मग मोजणी होते कशी? दसऱ्याला रामलीला मैदानावरची गर्दी दुरून पाहा. आत रेटारेटी चाललेली असते, पण गर्दी म्हणून ती जागच्या जागी असते. इकडचा धक्का तिकडच्या धक्क्याने फिटतो. लेझरचा किरण आरशाच्या मोठ्या भागावर पडतो, अगणित कणांची सरासरी घेतो आणि धक्के एकमेकांना पुसतात. पूर्ण मात्र पुसत नाहीत. आरशावरच्या पातळ लेपातल्या कणांची उरलेली थरथर ही आजच्या यंत्रांची एक मोठी मर्यादा आहे.

मग कण पुरते थांबवता येतील का? उणे २७३.१५ अंशांना परम शून्य म्हणतात. त्याच्या जवळ जाता येतं, तिथे पोचता येत नाही. आणि पोचलो असतो, तरी निसर्गाच्या नियमाने थोडी थरथर उरतेच. २०२१ मध्ये लायगोच्या शास्त्रज्ञांनी त्या ४० किलोच्या चार आरशांची एकत्रित लोलकासारखी हालचाल इतकी आवरली, की परम शून्याच्या वर एका अंशाच्या जेमतेम एक कोटीव्या भागाइतकी ती उरली. तरी ती उरलीच.

औंढा नागनाथला विसोबा खेचरांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. नरसीचे नामदेव गुरूच्या शोधात तिथे आले, तर म्हातारे विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेवांनी पाय काढायला सांगितले. विसोबा म्हणाले, जिथे देव नसेल तिथे तूच ठेव. नामदेव ज्या जागी पाय ठेवू गेले, त्या जागी पिंड उभी राहिली. श्रद्धेचा तो विषय आपल्या जागी आहे. पण त्याच औंढ्याच्या परिसरात आता शास्त्रज्ञ हालचाल नसलेली जागा शोधायला आले आहेत, आणि त्यांनाही पाय ठेवायला तशी जागा सापडत नाही. ती सापडत नाही हे नेमकं किती, हे मोजत जाणं म्हणजेच त्यांचं विज्ञान.

माझी काळजी वेगळी आहे. उद्या दुधाळ्याला देशोदेशींचे लोक येतील. त्यांच्या कुंपणाच्या अलीकडे राहणाऱ्या मुलांना आत काय चाललं आहे हे त्यांच्या भाषेत कळलं नाही, तर ते यंत्र आपल्यासाठी नुसती एक बंद जागा होईल आणि बंद जागेभोवती अफवाच उगवतात. नामदेवांनी मोठी गोष्ट लोकांच्या बोलीत सांगितली, या मातीला ती सवय आहे. धाव, माठ, हळकुंड, वाफ, थरथर हे शब्द आपल्याकडे आहेत. विज्ञान सांगायला ते पुरतात, कमी पडेल तिथे नवा शब्द घेऊ.

म्हणून एक काम सांगतो. आज रात्री तीन सारखे काचेचे ग्लास घ्या. एकात माठातलं गार पाणी, दुसऱ्यात साधं, तिसऱ्यात गरम. पाणी निवांत होऊ द्या. मग प्रत्येकात शाईचा किंवा निळीचा एकेक थेंब हलकेच सोडा आणि ढवळू नका. घरातल्या मुलांना शेजारी बसवा. थेंब कुठे लवकर पसरतो, कुठे रेंगाळतो, हे त्यांचं त्यांना पाहू द्या. ती "का?" म्हणून विचारतील. उत्तर द्यायची घाई करू नका. पण उत्तर मराठीत द्या.